तोरणमाळच्या पठाराला एका दिवसात पायी वेढा मारायचाय? मग प्लॅन शेवटाकडून सुरू करा

दिवाळी झाली की मला दोन-चार फोन येतातच, भाऊ तोरणमाळला (नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण) चाललोय, एकच दिवस आहे, काय काय पाहायचं. यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, मच्छिंद्रनाथाची गुफा, गोरखनाथाचं मंदिर हे सगळं गाडीने अर्ध्या दिवसात होऊन जातं, त्यासाठी कोणाला विचारायची पण गरज नाही. पण काही जणांना पठार पायी फिरायचं राहतं. सकाळी तलावावरून निघायचं, कड्याकड्याने, पाड्यांमधून, नाले उतरत-चढत जायचं आणि संध्याकाळी परत तलावावरच यायचं, गेलो त्या वाटेने परत नाही यायचं. हे त्यांच्यासाठी लिहितोय. मी धुळ्याचा, हिवाळ्यात एकदा तरी वर जातोच, आणि पहिल्या वेळेस आमच्यावर जो अंधार पडला तो दुसऱ्या कोणावर पडू नये असं मनापासून वाटतं.

आधी डोक्यातला एक गैरसमज काढून टाका. पठार म्हटलं की आपल्याला वाटतं सपाट, घाट एकदा चढलो की काम झालं. आणि घाट तर गाडीच चढते, शहाद्यावरून म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत सातपायरी घाटाने तुम्ही हजार मीटरच्या वर पोचलेले राहता. मग उरलं काय, सपाटीवर चालायचं, वीस किलोमीटर म्हणजे चार-पाच तास. आम्ही पण असंच धरलं होतं. पण हे पठार कडेकडेने नाल्यांनी खाल्लेलं आहे. उभे राहाल तिथून समोरचं शेत, शेतातलं कौलारू घर, घराबाहेर बांधलेली शेळी एवढं स्वच्छ दिसतं की वाटतं हाक मारली तरी ऐकू जाईल, आणि मध्ये एक खाई राहते जी पन्नास पावलांवर जाईपर्यंत दिसतच नाही. मग एकतर खाली उतरून चढा, नाहीतर नाल्याच्या उगमापर्यंत आत जाऊन वळसा घ्या.

आमचं नेमकं तेच झालं. आम्ही चौघं, दुपारचे साडेतीन, समोर असंच एक घर, नकाशावर सरळ रेघ ओढली तर एक किलोमीटर पण नाही. म्हटलं वीस मिनिटं. एका उताराने खाली उतरायला लागलो, उतार एकदम मस्त, गवताचा, आणि तो संपला तिथे खाली दोन पुरुष उंचीचा कडा. परत वर आलो. दुसरीकडून उतरलो, तिथे पण तेच. मग नाल्याच्या काठाकाठाने आत आत जात राहिलो आणि त्या घराजवळ पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते, चुलीचा जाळ लांबून दिसत होता. त्या घरातल्या आबांनी काही न विचारता आधी तांब्याभर पाणी दिलं, मग एवढंच म्हणाले की इकडून कोणी येत नाही, वरून वळून येतात. त्यांचा पोरगा बॅटरी घेऊन आम्हाला डांबरी रस्त्यापर्यंत सोडून गेला. पैसे घेत नव्हता, बळंच खिशात घालावे लागले.

त्या कड्याचं कारण नंतर कळलं. हा सगळा बेसाल्ट आहे, लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. कडक थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार, म्हणून खालून पाहिलं तर डोंगराची बाजू पायऱ्यांसारखी दिसते. वरून पाहिलं की मात्र फक्त उतार दिसतो, त्याच्या खालची पायरी दिसत नाही. म्हणून पहिला नियम, जिथे मळलेली वाट नाही तिथे खाली उतरायचं नाही, कितीही सोपं दिसू द्या. आणि दुसरा, सरळ रेघ विसरा, नाल्याचा वळसा हेच खरं अंतर.

आता टाइमाचा हिशोब, कारण सगळा ट्रेक इथेच बनतो किंवा बिघडतो. विल्यम नैस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला होता, तो अजून चालतो. पाच किलोमीटरला एक तास धरा आणि चढाईच्या दर ६०० मीटरला वरून एक तास जोडा. आपल्या पठारावर २० किलोमीटरचा लूप धरला तर चालायचे ४ तास. चढाई किती? लोकं म्हणतात पठारावर कसली चढाई. दहा नाले ओलांडले आणि प्रत्येकात ५० मीटर उतरून ५० मीटर चढलात तर ५०० मीटर तिथेच झाले, बाकीचे टेकाडं-उंचवटे धरून ७०० मीटर पकडा, म्हणजे अजून सव्वा तास. झाले सव्वापाच. पण हा नियम चांगल्या वाटेवरून दमदार चालणाऱ्या माणसाचा आहे. गवत, सुटे दगड, वाट शोधणं, ग्रुपमधला सगळ्यात हळू माणूस, हे सगळं धरून मी सरळ दीडपट करतो. झाले पावणेआठ ते आठ. त्यात जेवायचा पाऊण तास आणि मधले छोटे थांबे मिळून दीड तास टाका. एकूण साडेनऊ तासाच्या आसपास.

आणि डिसेंबरात उजेड किती? आपल्या भागात सूर्य सातच्या नंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, पुरे अकरा तास पण नाही. म्हणजे सातला निघालात तर साडेचारला परत, आणि हातात राहतो सव्वा-दीड तास. हाच हिशोब २५ किलोमीटरला लावून पाहा, अकरा तासाच्या वर जातो, म्हणजे अंधार पक्का. म्हणून मी पहिल्यांदा येणाऱ्यांना सांगतो, हिवाळ्यात वीस-बावीस ही हद्द. ज्यांना अजून मोठा करायचाय त्यांनी फेब्रुवारीत या, तेव्हा सूर्य साडेसहापर्यंत टिकतो.

टायटलमध्ये शेवटाकडून म्हटलं त्याचा अर्थ हा. कागद घ्या आणि सगळ्यात खाली लिहा, साडेचार, यशवंत तलाव. त्याच्या वर लिहा, तीन वाजता मी अशा जागी पाहिजे जिथून पुढे तलावापर्यंत डांबरी रस्ता किंवा बैलगाडीची वाट आहे, म्हणजे डोळे झाकून पण जाता येईल. त्याच्या वर, बारा वाजता अर्ध्याच्या पुढे पाहिजे. बारापर्यंत अर्धं झालं नसेल तर बाकीचा लूप सोडून द्यायचा आणि आतल्या वाटेने परत यायचं, त्यावर तिथे उभं राहून चर्चा करायची नाही, ते आदल्या रात्रीच ठरलेलं पाहिजे. बारा वाजता सगळे फ्रेश राहतात आणि सगळ्यांना वाटतं होऊन जाईल, मला तर दर वेळेस वाटतं, म्हणूनच कागदावर लिहायचं.

यावरून लूपची दिशा पण आपोआप ठरते. अवघड भाग, म्हणजे कड्याचा काठ, नाले, वाट शोधायची जागा, हे सगळं सकाळी. सोपा भाग, रस्ता, शेतातली गाडीवाट, हे सगळं संध्याकाळी. बरेच जण उलटं करतात, सकाळी सीताखाई आणि तलावाच्या आजूबाजूला फोटो काढत दोन तास घालवतात आणि मग दुपारनंतर काठाकडे जातात. सीताखाई कुठे पळून जात नाही, ती तलावाजवळच आहे, पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की त्याचंच पाणी तिथे कोसळतं. ती आदल्या संध्याकाळी पाहून घ्या. आणि अजून एक, शेवटचे दोन तास पश्चिमेकडे तोंड करून चालावं लागेल असा लूप ठेवू नका, वाळलेल्या गवतावर उतरता सूर्य पडला की समोरची वाट चक्क दिसत नाही.

लूप मनात बैलगाडीच्या चाकासारखा काढा. बाहेरची धाव म्हणजे तुमचा लूप, मध्ये तुंबा म्हणजे गाव आणि तलाव, आणि धावेपासून तुंब्यापर्यंत आरे पाहिजेत. दर चार-पाच किलोमीटरला आत यायची एक तरी वाट नकाशावर शोधून ठेवायची. पाय मुरगळला, कोणाला उलटी झाली, धुकं आलं, तर कड्याकडे पाठ करायची आणि आऱ्याने आत यायचं. पठाराचा हाच फायदा आहे, आत गेलात की कुठला ना कुठला पाडा किंवा रस्ता लागतो. दरीत उतरून खालच्या गावातून गाडी पकडू हा विचार मात्र कधी करू नका, खाली गाडी पण नसते आणि परत चढायची ताकद पण नसते.

नकाशाचं सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० स्केलचे नकाशे ऑनलाइन फुकट डाउनलोड होतात, रजिस्ट्रेशन करावं लागतं एवढंच. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने राहतात, आणि हे नीट समजून घ्या, दोन रेषांच्या मध्ये १५ मीटरचा उभा कडा असला तरी नकाशा तो रेषांमधून दाखवेलच असं नाही. आम्ही अडकलो तो कडा असाच होता, नकाशात साधा उतार. म्हणून नकाशावर सॅटेलाइट फोटो ठेवून बघायचा. गूगल अर्थवर लूपची रेघ ओढली की चढउताराचा आलेख निघतो, त्यावरून वरचा चढाईचा हिशोब करता येतो. सॅटेलाइटमध्ये पाऊलवाटा पांढऱ्या दोऱ्यासारख्या दिसतात, पण दोरा दोरा वेगळा राहतो. माणसांची वाट घराकडून घराकडे आणि पाण्याकडे जाते. गुरांची वाट सुरुवातीला तेवढीच ठळक राहते, उलट जास्तच रुंद, पण पुढे गवतात जाऊन हाताच्या बोटांसारखी फुटते आणि संपते. जमिनीवर पण हीच खूण, वाट फुटायला लागली की थांबा, मागे जा.

नावं पण वाचायला शिका, नावात बरंच काही सांगितलेलं राहतं. बारी म्हणजे घाटातून उतरायची जागा, आपली कोंडाईबारी तशी इथे आवशाबारी. खाई म्हटलं की खोल दरी. काळापाणीसारखं पाणी नावातच असेल तर तिथे पाण्याबद्दल विचारून पाहा. तोरणमाळ नावच तोरणाच्या झाडावरून पडलं म्हणतात.

मोबाइलला रेंज सगळीकडे नाही. आदल्या दिवशी शहाद्यातच ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, आणि चालताना फोन फ्लाइट मोडवर टाका, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. नकाशाची एक कागदी प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत, आणि ती दोघांकडे वेगवेगळी.

आता पाड्यांबद्दल, कारण हे मैदानातल्या माणसाला सगळ्यात उशिरा कळतं. आपल्याकडे गाव म्हणजे एका जागी घरं, मध्ये चौक, पारावर दोन म्हातारे. इथे भिल्ल-पावरा लोकांची घरं आपापल्या शेतात राहतात, एक घर इथे, दुसरं पलीकडच्या टेकाडावर. नकाशात ज्या ठिकाणी गावाचं नाव छापलंय तिथे पोचलात तर कदाचित काहीच नसेल, आणि गाव मात्र तुम्ही गेल्या दीड तासापासून चालून आलात तेच राहतं. म्हणून 'अमुक गावात जेवू' असं प्लॅनमध्ये लिहू नका. आणि दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात, होळीला परत येतात. म्हणजे तुमच्या ट्रेकच्या सीझनमध्येच काही घरांना कुलूप किंवा दाराला काटेरी फांदी लावलेली दिसेल. त्या घरांच्या अंगणात बसू नका, त्यांच्या वापरातलं काही उचलू नका, आणि तिथे पाणी मिळेल हे धरून चालू नका.

पाणी माणशी चार लिटर पाठीवर घेऊनच निघायचं. जड होतं, माहितेय, पण दुपारी दोनला तिसरी बाटली उघडताना तुम्हाला माझी आठवण येईल. मधे नाल्यात झिरा दिसला तर तो कोणाच्या तरी पिण्याचा राहतो. वाळूत हातभर खड्डा, कडेने दगड लावलेले, तळाशी नितळ पाणी, आणि बाजूला एक वाटी किंवा नारळाची करवंटी उलटी ठेवलेली. ती वाटी काठावर धुऊन घ्यायची, वाटीने बाटली भरायची, वाटी होती तशी उलटी ठेवायची. बाटली किंवा हात झिऱ्यात बुडवायचा नाही, गढूळ झालं की परत नितळायला किती वेळ लागतो ते त्या घरच्या बाईला विचारा. भरलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. सोबत ओआरएसची पाकिटं, २१.८ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच टाकायचं, अर्धं-चतकोर अंदाजाने टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

सीझनचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तोरणमाळ सगळ्यात सुंदर, त्याबद्दल वाद नाही, ढग तलावावरून सरकत जातात ते पाहायला मी पण जातो, पण काठावरचा लूप तेव्हा करू नका. धुकं दहा मिनिटात येतं, दहा फुटावरचं दिसत नाही, आणि काठावरचं गवत दरीवर झुकलेलं राहतं, त्याच्या खाली जमीन आहे की हवा ते कळत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आभाळ मोकळं होतं पण गवत कमरेपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी खरोखर कडक, याच सातपुड्यात डाब-वालंब्याकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. मैदानापेक्षा पठार पाच-सहा डिग्रीने थंड धराच. महाशिवरात्रीला वर मोठी यात्रा भरते, यात्रा करायची तर जरूर जा, ट्रेकसाठी ते दिवस सोडा. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार आणि मग होळी, तेव्हा इथल्या माणसाला वाटाड्या म्हणून बोलवू नका, तो त्याचा वर्षाचा सण आहे. मार्चनंतर ऊन, वणवे, आणि मोहाची फुलं पडायला लागली की अस्वलं झाडाखाली येतात, तो काळ पायी फिरायचा नाही.

वाटाड्या घ्या. पहिल्या वेळेस तर घ्याच, यात काटकसर नको. आदल्या संध्याकाळी गावात जाऊन सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, वनखात्याच्या ऑफिसला सांगून ठेवा, कुठे जायची परवानगी लागते ते तिथेच विचारा. वाटाड्याला काय विचारायचं ते पण ठरलेलं पाहिजे. किती किलोमीटर आहे हे विचारू नका, 'जवळच आहे' असं उत्तर येईल आणि ते त्याच्या पायांसाठी खरंच राहतं. असं विचारा की दादा, घरातली बाई डोक्यावर ओझं घेऊन निघाली तर तिला किती वेळ लागेल. त्याच्यावर थोडं वाढवा, तो तुमचा टाइम. मजुरी आधीच बोलून घ्या, दिवसभराची पूर्ण, बारा वाजता परत फिरलात तरी पूर्ण. त्याचं जेवण-पाणी तुमच्या बॅगेत. आणि तो नाही म्हणाला की नाही. एकदा आमच्या सोबतच्या दादाने एका नाल्याच्या तोंडावर थांबून फक्त मान हलवली, आम्हाला काहीच दिसत नव्हतं, मग त्याने बोट दाखवलं तर समोरच्या कड्याखाली आग्या मोहोळाचे चार-पाच काळे पोळे लोंबत होते, माणसाच्या छातीएवढे. तिथून गुपचूप मागे वळलो. कड्यावर सेंट लावून, बिडी-सिगारेट ओढत, आरडाओरडा करत जाऊ नका, याचं कारण हेच.

जेवणाला आपलं खान्देशी डोकं लावा, पॅकेटच्या नादी लागू नका. दशमी करून घ्या, दुधात भिजवलेल्या पिठाची, दुसऱ्या दिवशी पण मऊ राहते. कळण्याची भाकरी मला जीव की प्राण पण ती दुपारपर्यंत कडक होते आणि तिला सोबत काही ओलं लागतं. दशमी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, कांदा, भरपूर झालं. तिखट ठेचा कमी घ्या, पाणी जास्त पिलं जातं. केळी सकाळच्या पहिल्या थांब्यालाच संपवा, बॅगेत त्यांचं काय होतं ते सांगायला नको. एकदम पोटभर दुपारी जेवू नका, दर दीड तासाला थोडं थोडं.

पायाकडे लक्ष द्या. नवे बूट घालून येऊ नका, महिनाभर वापरलेले पाहिजेत. नोव्हेंबरात कुसळ हा सगळ्यात मोठा त्रास. एक कुसळ हातात घेऊन नीट पाहा, टोकाला उलटे बारीक केस राहतात, म्हणून ते एकदा मोज्यात घुसलं की प्रत्येक पावलाला आतच सरकतं, बाहेर येतच नाही. बाहेरून ओढलं तर शेपटी तुटते आणि टोक आतच राहतं. मोजा काढायचा, उलटा करायचा आणि आतल्या बाजूने टोक धरून ओढून काढायचं. जुन्या जीन्सचा पाय कापून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घातला की निम्मा त्रास वाचतो. जास्तीचा मोज्यांचा जोड ठेवा. टाच गरम व्हायला लागली की त्याच मिनिटाला थांबून कागदी चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून काही होत नाही. हातात बांबूची काठी, नाले उतरताना तिसरा पाय आणि गवतात पुढे आपटत जायला पण. फुरसं, घोणस दोन्ही आहेत आपल्याकडे, दगडावर बसायच्या आधी काठी फिरवा. बाकी पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, स्वेटर, शिट्टी, आणि हेडटॉर्च प्रत्येकाकडे स्वतःची, चारजणात एक नाही.

तयारी महिनाभर आधीपासून. धुळ्याच्या लोकांनी दर रविवारी लळिंग किल्ला, पाठीवर चार लिटर पाणी घेऊन, आधी एकदा, मग दोनदा. चाळीसगाव साइडच्यांना पाटणादेवी आणि कन्हेरगड आहे, यावल-चोपड्याकडच्यांना मनुदेवी. ट्रेकच्या आधीच्या आठवड्यात एकदा पंधरा किलोमीटर सलग चालून बघा. ज्याला ते जमलं नाही त्याला प्रेमाने सांगा की तू गाडीने खडकी पॉइंटला ये, तिथे भेटू.

पोचायचं आदल्या दिवशीच. रेल्वेने नंदुरबार, तिथून शहादा, शहाद्यावरून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एसटी आहे पण मोजक्या, वेळ स्टँडवर विचारून घ्या. पेट्रोल आणि रोख पैसे शहाद्यातच, वर फोनपेच्या भरोशावर राहू नका. राहायची सोय वर आहे, पण आधी फोन करून पक्कं करा.

दवाखान्याचा विचार निघायच्या आधी करायचा. ११२ आणि १०८ लक्षात ठेवा, पण रेंज असली तर. शिट्टीची खूण, एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत सहा वेळा. आणि हे पण डोक्यात असू द्या की इथल्या कितीतरी पाड्यांवरून आजही आजारी माणसाला, बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, माणसं आळीपाळीने खांदा देतात. तुमचा पाय मोडला तर तुम्हाला पण तीच झोळी, आणि तो खांदा देणारी माणसं स्वतःचं काम टाकून येणार. म्हणून ग्रुप चारपेक्षा कमी नको, एक जखमीजवळ, दोघं मदतीला, आणि आठ-दहापेक्षा जास्त पण नको, मोजताना चुकतं. घरी एका माणसाकडे लूपचा फोटो द्या आणि तीन टाइम लिहून द्या, कधी निघणार, कधी परत येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने कोणाला फोन करायचा. मी ही शेवटची वेळ रात्री आठ ठेवतो.

सकाळी सहाला चहा, साडेसहाला तलावावर सगळ्यांच्या बॅगा उघडून पाणी मोजा, तोंडी विचारू नका, बघा. सातला पाय उचला. पहिला तास मुद्दाम हळू. सगळ्यात हळू माणूस पुढून दुसरा, शेवटी अनुभवी माणूस. नाला ओलांडला की मोजणी, प्रत्येक नाल्याला. काठापासून दहा पावलं आत चाला आणि फोटोसाठी काठावर गेलंच तर बॅग काढून, एकेक जण.

संध्याकाळी तलावावर पोचलात की आधी घरी फोन, मग बूट. आणि रात्री झोपायच्या आधी तो सकाळचा कागद काढून प्रत्येक ठरलेल्या वेळेच्या पुढे खरी वेळ लिहून ठेवा, कुठल्या नाल्याला किती लागला ते पण. माझा पहिला कागद अजून आहे, त्यावर 'समोरचं घर, २० मिनिटं' च्या पुढे पेनने पावणेतीन तास लिहिलंय. घाट मात्र त्याच रात्री उतरू नका, ड्रायव्हर पण दिवसभर चाललेला राहतो, मुक्काम करा आणि सकाळी निघा.